विम्याच्या फॉर्मात न लिहिलेला पाय

लातूरला राज्यसेवेच्या मुलांना मी अर्थशास्त्र शिकवत होते, तेव्हा माझा एक तक्ता चांगलाच चालायचा. मध्यम उत्पन्नाच्या देशांतले आरोग्य विमे, एका पानावर. देश सहा: थायलंड, ब्राझील, मेक्सिको, फिलिपिन्स, व्हिएतनाम, घाना. रकाने चार: पैसा कोण भरतो, आत कोण कोण असतं, आत घेताना काय विचारतात, आणि आजारी पडल्यावर हो की नाही कोण ठरवतं. क्लासच्या गल्लीतच आमच्या ह्यांचं झेरॉक्सचं दुकान. तिथून त्या पानाच्या इतक्या प्रती गेल्या की दुसऱ्या क्लासची मुलंही माझं अक्षर ओळखू लागली.

तक्ता करायला मला एक पावसाळा लागला. थायलंड सोपं होतं. सरकार करातून भरतं, माणूस कार्ड दाखवतो, आधी कोणता आजार होता हे कुणी विचारत नाही. ब्राझीलमध्ये आरोग्य हा हक्कच मानलाय, तरी ज्यांना परवडतं ते रांग चुकवायला खाजगी विमा घेतात. व्हिएतनाममध्ये विमा सक्तीचा. घानात विकत घेतलेल्या वस्तूंवरच्या करातला थोडा वाटा विम्याकडे वळवलेला. फिलिपिन्समध्ये गरिबांचा हप्ता सरकार भरतं, पण बिल ठरलेल्या रकमेच्या वर गेलं की उरलेलं रोग्याच्या गळ्यात. मेक्सिकोचा मुलांना राग यायचा. तिथे नोकरदारांची सोय आधीपासून होती, बाकीच्यांसाठी नंतर वेगळा विमा काढला, आणि पुढे तोही बंद केला. "मॅडम, आम्ही पाठ केलं की हे लोक बदलतेत," असं एकजण म्हणाला होता.

शेवटची ओळ आपल्या देशाची. ती मी फळ्यावर लिहायची. सरकारी नोकराची एक व्यवस्था, कारखान्यातल्या कामगाराची दुसरी, पिवळ्या आणि केशरी रेशनकार्डवाल्यांना राज्याची योजना.

"आणि मॅडम, पांढऱ्या कार्डवाले? मधले?"

"मधल्यांसाठी एजंट मेहुणा."

वर्ग हसायचा. दरवर्षी हसायचा. प्रत्येकाच्या घरी एक असतोच. साखरपुड्यात जेवणाआधी पाकिटातून फॉर्म काढणारा. मीही हसायची, कारण माझ्याकडे मेहुण्याहून जवळचा माणूस होता. माझा सख्खा धाकटा भाऊ.

तो नांदेडला राहायचा. एका खाजगी विमा कंपनीची एजन्सी त्याने घेतली, त्याच सुमारास लातूरच्या मेडिकलच्या क्लासेसना भरती आली. जून महिन्यात कंधार, देगलूर, उदगीर, कुठून कुठून आईबाप मुलांना घेऊन उतरायचे. एका हातात गादीची वळकटी, दुसऱ्या हातात गुणपत्रिका. भाऊ पंधरा दिवस लातूरला आमच्याकडे मुक्कामाला यायचा आणि दुकानाच्या काउंटरला टेकून उभा राहायचा. बाप झेरॉक्स काढायला आला की सुरू.

"काका, पोरगं डॉक्टर व्हायला सहा-सात वर्षं हायेत. तवर तुम्ही आजारी पडलात तर दाखवायचं कुणाला?"

काका हसायचे, आणि हसलेला माणूस सही करतो. मला त्याचं कौतुक वाटायचं. माझ्या ओळखीच्या पालकांना मी आपणहून सांगायची की विमा काढायचा असेल तर माझ्या भावाकडे काढा. अशी अकरा घरं मी त्याला दिली.

माझा स्वतःचा फॉर्म त्याने अशाच एका जूनमध्ये, गर्दीत, काउंटरवर भरला. नाव, जन्मतारीख, उंची, वजन विचारलं. मग इंग्रजी प्रश्नांचं एक पान आलं. मी म्हटलं, "पायाचं लिहायचं का?"

त्याने मान वर केली नाही. "भूकंपातलं कुठं लिहितेत ताई? तो काय आजार हाय?"

मला ते पटलं. बाहेरच्या माणसाला हे सांगून कळत नाही, पण आमच्या भागात असंच होतं. दुखणं वेगळं आणि भूकंपातलं वेगळं. शुगर, दमा, किडनी ही दुखणी. त्यांच्यासाठी दवाखाना, बिल, पथ्य. भूकंपात कुणाचा हात गेला, कुणाच्या पाठीत कायमची कळ राहिली, ते कुणी दुखण्यात धरत नसे. सोयरीक ठरवताना मुलीला काही आजार आहे का असं विचारलं तर घरचे नाही म्हणायचे आणि मुलगी लंगडत चहा घेऊन यायची. त्यात लपवाछपवी नव्हती. ते सगळ्यांना दिसत होतं, सगळ्यांना माहीत होतं. सगळ्यांना माहीत असलेली गोष्ट कागदावर कशाला लिहायची?

माझं माहेर निलंगा तालुक्यातलं. गणपती विसर्जनानंतरच्या पहाटे, भूकंपात, आमचं घर बसलं. दगडमातीच्या भिंती, वर मातीचं माळवद, आणि त्याखाली मी. भाऊ तेव्हा सतरा वर्षांचा. त्याने फावडंही घेतलं नाही, मला लागेल म्हणून. हातांनी माती उपसून त्याने मला बाहेर काढलं आणि बैलगाडीपर्यंत पाठीवर नेलं. सरकारी दवाखान्याच्या आवारात तंबू होते, बाहेरगावाहून आलेले डॉक्टर होते. त्यांनी माझ्या डाव्या मांडीच्या हाडात रॉड घातला. पैसे कुणी मागितले नाहीत. केसपेपरही बहुधा नव्हता, असला तरी आमच्या हातात आला नाही. म्हणून त्याला आम्ही कधी ऑपरेशन म्हटलंच नाही.

मी शेवटच्या पानावर सही केली. किराण्याची यादी दोनदा तपासणारी बाई मी, सहलीला निघताना डब्यांची झाकणंसुद्धा मोजणारी. ते पान मी वाचलं नाही.

सात वर्षं हप्ते भरले. एकदाही उशीर नाही. मग क्लासच्या जिन्यावर माझा पाय घसरला आणि रॉडच्या टोकाशीच हाड मोडलं.

भावाला फोन केला तेव्हा तो म्हणाला, "ताई, लातूरला भरती होऊ नको. सरळ नांदेडला ये. इथं माझी ओळख हाय, कॅशलेस करून देतो. एक रुपया काढू नको."

ॲम्ब्युलन्सने अहमदपूर, लोहा करत नांदेडला पोचलो तर तो दवाखान्याच्या दारात स्ट्रेचर धरून उभा. दोन दिवस त्याने सख्ख्या भावासारखं केलं. डबा आणला, डॉक्टरांच्या मागे फिरला, मला हसवलं. तिसऱ्या दिवशी विम्याच्या खिडकीवरून ह्यांना बोलावणं आलं. कंपनीने नाही म्हटलं होतं. एक्सरेत जुना रॉड दिसत होता, आणि फॉर्मात 'पूर्वी काही शस्त्रक्रिया?' याच्यापुढे 'नाही' होतं. माहिती लपवली म्हणून पॉलिसी रद्द.

भाऊ म्हणाला, "मी बघतो." आणि त्या संध्याकाळपासून त्याला फार कामं निघाली.

ऑपरेशन थांबवता येत नव्हतं. ह्यांनी ठेव मोडली. दीड महिना मी पडून होते. पडल्या पडल्या माझ्या तक्त्याचा तिसरा रकाना डोक्यात फिरायचा: आत घेताना काय विचारतात. वर्गात तो रकाना मी सगळ्यात घाईने उरकायची. परीक्षेत त्यावर प्रश्न येत नसे. आता वाटायचं, सगळा खेळ त्याच रकान्याचा आहे. काही देशांत कुणी विचारतच नाही. माझ्या तक्त्यात नसलेल्या दक्षिण आफ्रिकेत खाजगी विमेवाले विचारतात, पण जुनं दुखणं आहे म्हणून दार लावून घेता येत नाही. फार तर ठराविक काळ थांबवून ठेवता येतं. आपल्याकडे बाजारातला विमा विचारतो तेव्हा प्रश्न कंपनीचा असतो, उत्तर एजंट लिहितो, आणि सही आपली असते.

वॉकरवर चालता यायला लागल्यावर मी पहिलं काम केलं ते म्हणजे कंपनीच्या नांदेडच्या शाखेत गेले. सोबत हे होते आणि माझी फाईल होती. तिथले साहेब तरुण होते, सरळ होते. त्यांनी माझाच फॉर्म माझ्यापुढे ठेवला. त्या इंग्रजी पानावर वरपासून खालपर्यंत 'नाही', सगळं भावाच्या अक्षरात.

"हे अक्षर तुमचं नाही, हे मलाही दिसतंय," साहेब म्हणाले. "पण आम्ही एजंटला विचारलं होतं. त्यांनी हा खुलासा दिलाय."

दुसरा कागद त्यांनी माझ्याकडे वळवला. टाइप केलेला होता. 'सदर महिला माझ्या नात्यातील आहेत. तथापि त्यांच्या पायातील रॉडविषयी त्यांनी मला कधीही कल्पना दिली नाही.' खाली भावाची सही.

"हे कोण तुमचे?"

"भाऊ."

"चुलत?"

"सख्खा."

साहेबांनी कागद परत फाईलला लावला. मग म्हणाले, "मॅडम, त्यांनी एवढंच लिहून दिलं की फॉर्म मी भरला आणि रॉडचं मला माहीत होतं, तरी मला ही फाईल पुन्हा वर पाठवता येईल. एजंट कंपनीचा माणूस असतो. मग लपवलं ते तुम्ही, असं म्हणता येणार नाही. एक ओळ आणा."

एक ओळ. मी जिना उतरताना ह्यांना म्हटलं, चला, हे सोपं आहे. मला खरंच तसं वाटलं होतं. खुलासा त्याने घाबरून दिला असेल, कुणीतरी वरचा बसून टाइप करून घेतला असेल. मी समोर गेले की संपलं.

ऑटो करून त्याच्या घरी गेलो. त्याने दार उघडलं आणि वॉकर बघून त्याचा चेहरा पडला.

"जिना चढलीस? मला बोलवायचं न्हाई का ताई."

"तू फोन उचलत नाहीस."

"कामात होतो. दाजी, बसा. चहा सांगतो."

मी ओळ लिहूनच नेली होती, कोऱ्या कागदावर, खाली सहीला जागा सोडून. ती त्याच्यापुढे ठेवली. त्याने वाचली, पुन्हा वाचली, आणि कागदाला हात न लावता मागे टेकला.

"ह्याच्यावर सही केली की माझा कोड गेला. एजन्सी बंद."

"दुसरं काम कर. तुझे हातपाय धड आहेत."

"टोमणे मारून राहिली."

"सांगून राहिले."

ह्यांनी मध्ये पडायला तोंड उघडलं. मी हाताने थांबवलं.

"ताई, एकट्या तुझ्या फॉर्माचं न्हाई हे," भाऊ म्हणाला. आवाज खाली आणला होता, आत बायको होती. "एक उघडला की सगळे उघडतेत. सगळेच तसे भरलेत मी. शुगर, बीपी, भूकंप, कुणाचंच काय लिहिलं न्हाई. लिहिलं तर हप्ता वाढतो, न्हाईतर कंपनी नको म्हणती. गिऱ्हाईक पळतं."

"म्हणजे मी गिऱ्हाईक."

"तू लई शिकलेली हायस. थायलंड शिकवतीस, ब्राझील शिकवतीस. स्वतःचा फॉर्म वाचायला तुला कुणी धरलं होतं?"

ते खरं होतं, आणि त्याने ते आजवर जपून ठेवलं होतं असं वाटलं. मग मी जे बोलायचं नाही असं येताना ठरवलं होतं तेच बोलले.

"मला मातीतून कुणी काढलं रे?"

"ते मधी आणू नको."

"तेच मध्ये आहे. रॉड तिथूनच आलाय."

तो उठला, खिडकीपाशी गेला, परत येऊन बसला. "खर्चाचं निम्मं मी देतो. दाजी, महिन्या-महिन्यानं देतो. लिहून घ्या पायजे तर."

"मला पैसे नकोत. ही ओळ पाहिजे."

"ओळ सोडून काय बी माग."

चहा आला. आम्ही तो घेतला. आमच्याकडे चहा टाकून उठत नाहीत.

मी विमा लोकपालांकडे तक्रार केली. सगळे कागद क्रमाने लावले, प्रत्येकावर नंबर घातला. भूकंपाच्या वेळी भाऊ तिथे होता, त्यानेच मला काढलं, हे मी अर्जात स्पष्ट लिहिलं. साक्षीला कुणी मिळेल म्हणून गावाकडे फोन केले. एका काकांनी सांगितलं, "बहीणभावाचं भांडण हाय, आमाला कशाला मधी वढतीस बाई?" दुसऱ्यांनी विचार करून सांगतो म्हटलं. अजून विचार करतायत.

माझ्या अर्जावर भावाने दुसरा खुलासा पाठवला. त्याची प्रत मला टपालाने आली. भूकंपाच्या रात्री तो गावी नव्हताच, असं त्यात होतं. कॉलेजसाठी निलंग्याला खोलीवर होता. बहिणीला कुणी बाहेर काढलं आणि तिच्यावर काय उपचार झाले याची त्याला प्रत्यक्ष माहिती नाही.

मी तो कागद उभ्यानेच वाचला. ह्यांनी विचारलं काय आलंय, तर मी त्यांच्या हातात दिला आणि कपडे वाळत घालायला गेले. पहिला खुलासा मी समजून घेतला होता. पोटासाठी भिऊन माणूस एखादी गोष्ट माहीत नव्हती म्हणतो. पण भावाने एजन्सीसाठी ती पहाटच सोडून दिली. आयुष्यात त्याने केलेलं सगळ्यात चांगलं काम, आणि ते आपण केलं नाही असं त्याने सहीनिशी कळवलं. पैशाचा राग त्या दिवशी संपला. त्याच्या जागी जे आलं ते अजून आहे.

निकाल माझ्या विरुद्ध गेला. दोन्ही बाजूंचं म्हणणं परस्परविरोधी, लेखी पुरावा नाही, सही तक्रारदाराची.

निकाल फाईलला लावला त्या दिवशी मी वही काढली आणि मी भावाकडे पाठवलेल्या अकरा घरांची नावं लिहिली. प्रत्येकाला फोन केला. म्हटलं, तुमच्या फॉर्माची प्रत कंपनीकडून मागवा, तब्येतीचं पान कुणाकडून तरी वाचून घ्या, चुकीचं असेल तर आत्ताच कळवा. काहींनी आभार मानले. काहींना वाटलं मी भावाशी भांडले म्हणून बदनामी करतेय. एका बाईंनी तसं तोंडावर म्हटलं.

त्या अकरांतल्या कंधारच्या एका गृहस्थांनी फोनवर फक्त "हाव, हाव" केलं. त्यांची मुलगी आमच्या वरच्या खोलीत दोन वर्षं राहून शिकली होती. ते आले की आमच्याकडे बिनसाखरेचा चहा घ्यायचे, भाऊ असला तर त्याच्या शेजारी बसून. काही महिन्यांनी ते स्वतःच दुकानात आले. हातात पिशवी, पिशवीत रिपोर्ट. छातीत दुखलं होतं, स्टेंट टाकायला सांगितला होता, आणि कंपनीने शुगर लपवली म्हणून नाही म्हटलं होतं. मी सांगितलं होतं ते पान मागवायचं राहून गेलं होतं. पेरणीचे दिवस होते.

"मॅडम, तुमच्या भावासमोर मी किती येळा बिनसाकरीचा चहा पिलो," ते म्हणाले. "त्यांना ठावं हाय सगळं. कंपनीवाला म्हणतो एजंटकडून लिहून आणा. तुम्ही सांगा की त्यांना. तुमचं ऐकतील."

ह्यांनी झेरॉक्सचं मशीन बंद केलं.

"नाही लिहून देणार तो," मी म्हटलं.

"का? एक ओळ तर हाय."

"माझंही तेच प्रकरण होतं. मलाही दिली नाही."

त्यांनी वॉकर सुटल्यानंतर माझ्या हातात आलेल्या काठीकडे बघितलं.

"सख्ख्या भयणीला?"

"हो."

त्यांनी स्टुलावर बसून पाणी मागितलं. मी वाट बघत होते की ते आता मला बोलतील. तुम्हीच पाठवलं होतं म्हणतील, म्हणायला जागा होती. ते म्हणाले, "मग माझं काय घिऊन बसलात. मला राग यायचं कारणच न्हाई राहिलं." आणि हसले. ते हसणं मला जड गेलं. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

मी विचारलं, रेशनकार्ड कोणतं? केशरी. मग राज्याच्या योजनेत बसतं, म्हटलं. त्यांना ते माहीतच नव्हतं. भावाने सांगितलं नव्हतं, आणि विमा काढा म्हणताना मीही कार्ड विचारलं नव्हतं. वहीतलं पान फाडून मी लिहायला बसले. रेशनकार्ड, मूळ आणि दोन प्रती. आधार कार्ड. ॲन्जिओग्राफीचा रिपोर्ट आणि सीडी. फोटो. योजनेत असलेल्या दवाखान्यात दारातच एक टेबल असतं, तिथे आधी जायचं, डॉक्टरकडे नंतर. शुगर किती वर्षांपासून आहे ते विचारलं तर खरं सांगायचं.

"खरं सांगू? नको म्हणले तर?"

"नाही म्हणणार. कार्ड बघतात, शुगर बघून परत पाठवत नाहीत."

त्यांनी यादी वाचली. प्रत्येक ओळीवर बोट ठेवत, शेवटापर्यंत. मग विचारलं, "ह्याच्यात तुमच्या भावाचं काय लिहून लागतं का कुठं?"

"नाही," मी म्हटलं. "माझंही लागत नाही."

ह्यांनी मशीन पुन्हा सुरू केलं आणि त्यांच्या कार्डाच्या दोन प्रती काढून दिल्या.